वसईचे बेटपण आराखड्यात उतरू द्या

वसई हे बेट आहे, असे आज वसईतच कुणाला सांगितले तर ऐकणारा क्षणभर चमकेल. होळी, पापडी, पारनाका, भुईगाव या पश्चिमेकडच्या वस्त्यांतून वसई रोड स्टेशन गाठायला होडी लागत नाही. वाटेत एखादी मोरी लागलीच, तर तिच्याखालच्या पाण्याला सगळे नाला म्हणतात. जुना नकाशा समोर ठेवला की मात्र चित्र पालटते. दक्षिणेला उल्हास नदी समुद्राला मिळते ती वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला या दोन मुखांमधून शिरणारी सोपाऱ्याची खाडी. चारही बाजूंच्या पाण्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरमध्येही वसईचे वर्णन मुख्य भूमीपासून तुटलेले बेट असेच आहे. हे बेटपण कुणी ठराव करून रद्द केले नाही. बांध, भराव, रेल्वे, रस्ते आणि इमारती यांनी पूर्वेची खाडी इतकी आखडत नेली की ती नजरेआड झाली. जमिनीचा उतार, भरती-ओहोटीची वेळ आणि पावसाचे प्रमाण मात्र जिथल्या तिथे राहिले. म्हणून माझे म्हणणे असे की, वसई-विरारचा पुढचा विकास आराखडा या भूभागाला बेट मानूनच तयार व्हायला हवा. रस्ता, शाळा आणि इस्पितळ यांच्यासाठी जागा राखून ठेवतो तितक्याच गंभीरपणे खाडी, खाजण आणि जमिनीखालचे गोडे पाणी यांच्यासाठी जागा राखली पाहिजे. यात जुन्या काळाचे हळवेपण नाही. इथे राहणाऱ्या लाखो माणसांचे पावसाळे आणि उन्हाळे सुसह्य होण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आधी जमिनीकडे पाहू. पूर्वेला तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचे डोंगर आहेत. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या या डोंगरांचे पाणी पश्चिमेकडे उतरते. ते थेट समुद्राला मिळत नाही, कारण मध्ये बेटाचा पट्टा आडवा येतो. वाळू आणि शंखशिंपल्यांच्या मऊ दगडाचा हा पट्टा थोडा उंच आहे. त्याच्यावरच आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव, वसई ही जुनी गावे वसली. डोंगर आणि हा पट्टा यांच्या मधली जमीन सखल आहे. डोंगराचे पाणी तिथे येऊन थांबते आणि खाडीच्या वाटेने उत्तरेला किंवा दक्षिणेला निघते. आता यात भरती मिसळा. या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात समुद्राची पातळी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले की बाहेर जायची दोन्ही दारे काही तासांसाठी बंद होतात. त्या काही तासांत पाणी कुठे थांबणार, हा वसईचा खरा प्रश्न आहे आणि तो नवा नाही. जुन्या वसईने त्याचे उत्तर शोधून ठेवले होते. सखल जमिनीत खाजणे होती, मिठागरे होती, तिवरांची झाडी होती. बांध आणि उघाड्या यांच्या साह्याने खारे पाणी कधी आत घ्यायचे आणि गोडे कधी बाहेर सोडायचे, हे शेतकरी आणि मिठागरवाले ठरवत. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, त्यामुळे मिठागराची जमीन त्या चार महिन्यांत पाणी धरायला मोकळी असे. शहराच्या हिशेबात ही जमीन पडीक ठरली. प्रत्यक्षात तिच्याइतके मोलाचे काम करणारी दुसरी जमीन तालुक्यात नव्हती.

आज जिला आपण नाला म्हणतो त्या खाडीने एके काळी जगाशी व्यापार केला. सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे बंदर याच पाण्यावर उभे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत त्याचे नाव आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे, बौद्ध जातककथांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन यांच्याबरोबर शोर्पारग येथे त्याने केलेल्या दानांचा उल्लेख आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन केले आणि तिथल्या स्तूपातून अवशेषांचा करंडक बाहेर आला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला, तर नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावात सापडला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशोकाचे लेख मिळाले ते इथेच. सम्राटाला आपला आदेश कोरून ठेवण्याजोगी वर्दळ ज्या जागी वाटली, ती जागा म्हणजे डोंगर आणि बेट यांच्या मधली आतल्या बाजूची खाडी होती. वारा-वादळापासून आडोसा, भरतीबरोबर आत येता येईल इतके पाणी आणि घाटाकडे जाणारी वाट, या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या. पुढे गाळ साचत गेला, गलबतांना पाणी कमी पडू लागले आणि बंदर मागे पडले. सत्तेचे आणि व्यापाराचे केंद्र बेटाच्या दक्षिण टोकाला, वसईच्या खाडीवर सरकले. खाडी कुठे खोल आणि कुठे उथळ, यावर या भूभागाचे दैव अनेक शतके फिरत राहिले. ज्या पाण्यावर इतका इतिहास उभा आहे, त्याला आज आपल्या आराखड्यात गटाराइतकीही किंमत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

दक्षिण टोकाचे महत्त्व पोर्तुगिजांनी नेमके ओळखले. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई त्यांच्या स्वाधीन केली आणि पुढची दोनशे पाच वर्षे उत्तर कोकणातला त्यांचा कारभार इथून चालला. त्याच्या चारच वर्षे आधी, १५३० साली, भूमध्य समुद्रातले माल्टा हे छोटे बेट सेंट जॉनच्या सरदारांना मिळाले होते. दोन्ही ठिकाणी युरोपीय सत्तेने बेटाचे टोक हेरले, समुद्राकडे तोफा रोखणारे बुरूज बांधले आणि आत चर्च, इस्पितळे, मठ यांचे शहर वसवले. माल्टाने १५६५ सालचा ऑटोमन वेढा चार महिने झुंजून परतवला. वसईचा वेढा मात्र यशस्वी झाला आणि तो कसा झाला हे पाहिले तर बेटाचा भूगोल मराठ्यांना किती चांगला उमगला होता ते कळते. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि चिखल होता, त्यामुळे नुसत्या धडकेने तो पडणारा नव्हता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत आधी भोवतालचे पाणी हातात घेतले गेले. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी, त्याच वर्षी वैतरणेच्या मुखावरचे अर्नाळा बेट, मग उत्तरेकडची माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी आणि १७३९ मध्ये खाडीच्या पलीकडे भाईंदरच्या बाजूला असलेला धारावीचा डोंगर (मुंबईतली धारावी ती ही नव्हे). धारावी गेल्यावर खाडीचे तोंड मराठ्यांच्या माऱ्यात आले आणि वसईची रसद आवळली गेली. मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. अर्नाळ्याच्या बेटावर मराठ्यांनी नवा कोट उभारला, त्याच्या दरवाजावर बाजीरावांचे नाव असलेला लेख आजही वाचता येतो. पेशवाईतले सरदार वसईचा विचार करताना अर्नाळा, धारावी, खाडी आणि भरतीची वेळ एकत्र धरत होते. आज आपले नियोजन वॉर्डाच्या सीमांनी होते आणि पाणी त्या सीमा पाळत नाही.

माल्टाचे नाव घेतले ते किल्ल्यांच्या साम्यासाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त. माल्टाचा सगळा द्वीपसमूह मिळून सुमारे ३१६ चौरस किलोमीटरचा आहे, लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. तिथे बारमाही नदी नाही आणि पाऊस आपल्या चौथ्या हिश्श्याइतका. सोळाव्या शतकात सरदारांनी व्हॅलेटा शहर वसवताना प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके असलेच पाहिजे, असा नियम केला. १६१५ पर्यंत उंचावरच्या झऱ्यांचे पाणी शहरात आणणारा लांबलचक पाटही बांधून झाला. या बेटाचे खरे धन मात्र जमिनीखाली आहे. खडकात मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावरच्या सायीसारखे. भूजलशास्त्राचा जुना हिशेब सांगतो की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते. हा हिशेब उलटाही लागू होतो. वरचे पाणी उपशाने एक मीटर खाली गेले, तर खालचे खारे पाणी कितीतरी पटींनी वर सरकते. माल्टाने विसाव्या शतकात बेसुमार उपसा केला, भूजल खारे होत गेले आणि १९८० च्या दशकापासून समुद्राचे पाणी गोडे करण्याचे महागडे प्रकल्प त्याला उभारावे लागले. आज तिथल्या नळाला येणाऱ्या पाण्यातले निम्म्याहून अधिक पाणी त्या प्रकल्पांतून येते. युरोपीय संघातल्या सधन देशाला हा खर्च झेपतो. आपल्या महापालिकेला तो झेपेल असे समजणे धाडसाचे आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या विहिरी याच नियमाने चालतात. वाळूत आणि मऊ दगडात मुरलेले पावसाचे पाणी इथल्या वाड्यांना वर्षभर पुरत असे. त्यावर केळी, पानवेली, भाजी, मोगरा आणि चाफा पिकला. आगाशीची राजेळी केळी आणि त्यांची सुकेळी याच पाण्याची. पाणी मुरवण्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी बावखले खणली. वाडीच्या कडेला असलेले हे छोटे तळे पावसाचे पाणी धरते, सावकाश जमिनीत सोडते आणि शेजारच्या विहिरींना गोडे ठेवते. माल्टाच्या घराखालचे टाके सरदारांच्या आज्ञेने आले, आपले बावखल कुणाच्या हुकमावाचून शेतकऱ्याच्या शहाणपणातून आले. म्हणून त्याचे रक्षण करणारा नियमही कुणी केला नाही. जमिनीला भाव आला तशी बावखले बुजत गेली. त्याच सुमारास वाढत्या इमारतींची तहान भागवण्यासाठी पश्चिम पट्ट्यातल्या विहिरींतून टँकर भरले जाऊ लागले. त्याविरुद्ध गावे रस्त्यावर उतरली. १९८८-८९ च्या सुमारास आलेल्या आराखड्याने हरित पट्ट्यात बांधकामाची वाट मोकळी होणार असे दिसताच फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे केले. ख्रिस्ती आणि हिंदू, वाडवळ, सामवेदी, कोळी, भंडारी अशी सगळी गावे त्यात होती. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळालेले दिब्रिटो महाराष्ट्राला लेखक म्हणून माहीत झाले. माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे पाण्याचा प्रश्न त्यांनी वसईच्या राजकारणाच्या मध्यभागी आणून ठेवला.

तरीही शहर वाढले आणि ते वाढले नेमके सखल पट्ट्यात. १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोहोचलेली रेल्वे बेटाच्या पूर्व कडेने, खाडीच्या शेजारच्या जमिनीतून गेली. ज्या भागात गाव वसवायला जुनी पिढी धजावली नाही तिथे स्टेशने आली आणि स्टेशनांभोवती वस्ती. १९९० मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि त्रेपन्न ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर भरली आणि त्यानंतरची वाढ तर डोळ्यांसमोरच आहे. ९ आणि १० जुलै २०१८ च्या पावसाने या वाढीचा हिशेब मांडला. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, पश्चिम रेल्वेची वाहतूक ठप्प झाली, वसईच्या मिठागर वस्तीतल्या शेकडो लोकांना पाण्याने वेढले आणि शहराच्या मोठ्या भागात काही दिवस वीज नव्हती. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि मुंबई आयआयटी या संस्थांना कारणे शोधायला सांगितले. त्यांच्या शिफारशींत धारण तलावांचा आग्रह आहे, म्हणजे भरतीच्या वेळी पाणी थांबवून ठेवायला मोकळ्या जागा हव्यात. देशातल्या दोन नामवंत संस्थांनी यंत्रे आणि गणिते वापरून जे सुचवले ते मिठागर आणि खाजण शतकानुशतके करत होते. फरक इतकाच की तेव्हा त्यासाठी एक रुपयाही खर्च येत नव्हता. आज त्या जागांचा मोठा भाग भरावाखाली आहे. गासकडे जाणाऱ्या सनसिटीच्या रस्त्यावर दर पावसाळ्यात पाणी चढते, तेव्हा ते वाट चुकून तिथे आलेले नसते. जुन्या खाडीच्या पात्रातच ते उभे असते.

या म्हणण्यावर येणारे आक्षेप गंभीर आहेत. पहिला आक्षेप मुंबईचा दाखला देतो. मुंबईही सात बेटांची होती, भराव घालून ती जोडली आणि तिथे देशाची आर्थिक राजधानी उभी राहिली, मग वसईनेच बेट राहण्याचा हट्ट का धरावा? हा दाखला पुरता सांगायचा तर त्याची किंमतही सांगितली पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीच्या आखडलेल्या पात्राने काय केले हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर मुंबईने उदंचन केंद्रे बांधली, नाले रुंद केले आणि आजही भरतीच्या तक्त्याकडे डोळे लावून ती पावसाळा काढते. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला जे पूर्णपणे जमले नाही ते वसई-विरारला जमेल असे मानायला आधार नाही. शिवाय मुंबईच्या पाठीशी तुंगारेश्वराएवढा डोंगर थेट उभा नाही. इथे पाणी वरून येते आणि समुद्राकडूनही येते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून लाखो कष्टकरी नालासोपारा-विरारला आले. खाजण आणि हरित पट्टा राखा म्हणणे, हे आधीपासून जमीन असलेल्यांनी मागून आलेल्यांसाठी दार लावून घेणे नाही का? या प्रश्नातली वेदना खरी आहे. पण सखल जमिनीवरच्या बांधकामाने गरिबाला घर मिळाले, हे म्हणणे तपासून पाहिले पाहिजे. नालासोपारा पूर्वेला डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव असलेल्या जागेवर एक्केचाळीस बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या सगळ्या पाडल्या गेल्या आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. ज्यांनी जागा विकल्या ते तिथे राहत नव्हते. पूर आला की ज्यांच्या तळमजल्यातले धान्य, शाळेची दप्तरे, शिलाई मशिन भिजते तेही अशा घरांत राहणारे गरीबच आहेत. पश्चिमेच्या उंच पट्ट्यातल्या जुन्या घरांत पाणी त्या मानाने कमी शिरते. म्हणजे खाडीची जागा खाडीला द्या, ही मागणी सर्वांत आधी नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या भाडेकरूच्या हिताची आहे. परवडणारी घरे हवीतच. ती स्टेशनजवळच्या आधीच बांधलेल्या, मोडकळीला आलेल्या इमारतींच्या पुनर्विकासातून आणि उंचावरच्या जमिनीवर व्हावीत. सरकारने त्यासाठी पैसा घालावा. खाजण बुजवून दिलेले स्वस्त घर पुढे दर काही वर्षांनी त्याच कुटुंबाकडून पुराच्या रूपाने किंमत वसूल करते.

तिसरा आक्षेप विहिरींविषयी आहे. सूर्या प्रकल्पाचे पाणी नळाने येते, आता विहिरी आणि बावखले राखून काय करायचे? नळाचे पाणी हवे, याविषयी दुमत नाही. पण सूर्या प्रकल्प उभा राहिला तो प्रामुख्याने डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी आपले पाणी शहरांकडे वळवण्याला विरोध केला आहे आणि त्यांचा हक्क पोकळ नाही. आपल्या पायाखालचे पाणी खारे होऊ द्यायचे आणि मग दूरच्या, आपल्याहून गरीब माणसाच्या शेताचे पाणी अधिकाधिक मागायचे, हे न्यायाचे नाही. बाहेरून येणारे पाणी आणि इथले पाणी ही एकमेकांची भर असावी. एक आटवून दुसरे आणायची घाई नको.

आणखी एक म्हणणे मी अनेकदा वाचतो. बेटाचा विचार म्हणजे पूल, रस्ते, रेल्वे यांना विरोध. मला तो तसा वाटत नाही आणि याचे उत्तर आपल्याच दोन छोट्या बेटांवर मिळते. नायगाव आणि भाईंदर यांच्या मध्ये खाडीत पाणजू आहे. दिवसभर शेकडो लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या या बेटावरून धडधडत जातात, पण पाणजूच्या माणसाला मात्र होडीनेच नायगाव गाठावे लागते. वैतरणेच्या मुखावर अर्नाळा आहे. कोळ्यांची मोठी वस्ती असलेल्या या बेटाच्या कडा समुद्र खात आहे आणि आजारी माणसाला किनाऱ्यावर आणायला तिथेही बोटच लागते. २०२५ च्या जूनमध्ये अर्नाळा हे नाव दिलेली नवी पाणबुडीविरोधी युद्धनौका नौदलात दाखल झाली, याचा अभिमान प्रत्येक वसईकराला वाटला. त्या नावाच्या बेटावरच्या लोकांना भक्कम धक्का आणि रात्री-अपरात्री हमखास मिळणारी बोट देणे, हे त्या अभिमानाला शोभणारे काम ठरेल. बेट म्हणून विचार करणारे नियोजन धक्के, बोटी आणि पूल यांची अधिकच काळजी करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या वसई-भाईंदर रो-रो सेवेने पाण्याची वाट अजून उपयोगी आहे हे दाखवून दिले. पूल बांधायचा तो खांबांवर बांधावा, म्हणजे खालून पाणी वाहते राहील. भरावाचा रस्ता बांधासारखा वागतो आणि एका बाजूच्या वस्तीला तळे करून सोडतो.

हे सगळे आता सांगण्याची निकड आहे. २०२१ पर्यंतच्या विकास आराखड्याची मुदत उलटली आहे आणि पुढच्या वीस वर्षांचा आराखडा व्हायचा आहे. उत्तन-विरार सागरी सेतूचा बेत आहे, विरारला बुलेट ट्रेनचे स्थानक येत आहे, उत्तरेला वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. यातला प्रत्येक प्रकल्प वसईतल्या जमिनीचा भाव चढवणार आणि खाजणातल्या उरल्यासुरल्या मोकळ्या जागेवर नजर वळवणार. कायद्याचा आधार आहे. किनारा नियमन अधिसूचना आहे, शिवाय तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. पण कायदा तुकड्या-तुकड्याने लागू होतो. एका ठिकाणी तिवरे तोडल्याचा गुन्हा दाखल होतो, पलीकडे डेब्रिजचे ट्रक रिकामे होतात, तिसरीकडे मोरीचा पाईप अरुंद बसवला जातो. पाण्याला या तिन्ही गोष्टी एकाच वेळी भोगाव्या लागतात.

म्हणून आराखड्याच्या पहिल्याच नकाशावर तीन रेषा असाव्यात. एक, वैतरणेच्या मुखापासून वसईच्या खाडीपर्यंत सोपारा खाडीचे उरलेले सगळे पात्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पूररेषा. तिच्या आत नवा भराव नाही, असलेल्या मोऱ्या रुंद, आणि धारण तलावांच्या जागा सात-बारावर नोंदवलेल्या. दोन, पश्चिम पट्ट्यातले प्रत्येक बावखल आणि सार्वजनिक विहीर, क्रमांकासह, आणि ते राखणाऱ्या शेतकऱ्याला मालमत्ता कराच्या पैशातून वार्षिक मोबदला. बावखल खासगी जमिनीत असते आणि त्याचा फायदा सगळ्या गावाला होतो, तेव्हा त्याचा भार एकट्या मालकाने का उचलायचा? तीन, मिठागरांच्या जमिनी पावसाळी साठवणीसाठी कायमच्या राखीव. त्या केंद्राच्या ताब्यात असोत वा खासगी, राज्य सरकारने त्यांच्या बदल्यात काय द्यायचे ते आताच ठरवावे. या रेषा आखताना कोळी, आगरी, मिठागर कामगार आणि वाडीवाले शेतकरी यांना सर्वेक्षणात सोबत घ्यावे. उघाडी कुठे होती, पाणी कोणत्या मोरीत अडते, कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात मचूळ चव येते, हे त्यांना माहीत आहे. हरकती-सूचनांच्या सुनावण्या महापालिकेच्या मुख्यालयात एकाच दिवशी उरकू नयेत. त्या होळीत, आगाशीत, गासला, नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या शाळेत आणि अर्नाळ्याच्या बेटावरही व्हाव्यात. आणि त्या पावसाळ्याआधी व्हाव्यात, म्हणजे नकाशावरची रेषा आणि प्रत्यक्ष चढलेले पाणी त्याच वर्षी ताडून पाहता येईल.